गाठ हाताला लागली, आता पुढं? सांगली-मिरजेकडच्या बायकांसाठी

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली. हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती. म्हटलं, द्राक्षाची फळछाटणी होऊ दे, मग बघू. छाटणी झाली, दिवाळी आली, घड औषधात बुडवायचं डिपिंग झालं, मणी विरळ करायच्या थिनिंगला बायका मिळेनात म्हणून मीच बागेत उभी राहिले. डॉक्टरकडे गेले तेव्हा संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला होता. हरभऱ्याची सुपारी झाली होती.

त्याला आता सहा वर्षं झाली. तासगाव भागातल्या आमच्या गावातून, नात्यातून अधूनमधून फोन येतो, "आक्का, हाताला कायतरी लागतंय." त्या बाईला मी जे सांगते तेच इथं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, औषधाचं सांगणार नाही. पण मला दुखण्याइतकाच त्रास एका गोष्टीचा झाला. पुढच्या दाराआड काय आहे ते कुणीच आधी सांगत नव्हतं. म्हणून ही दारं ओळीनं सांगते.

घरातून निघायच्या आधी

पहिली गोष्ट, हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. तरुण मुलींत बोटाखालून सटकन सरकणारी गाठ असते, तिला फायब्रोअॅडिनोमा म्हणतात. काही गाठींत नुसतं पाणी असतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साकळूनही गाठ होते. पण कुठली गाठ कसली, हे सासूबाईंच्या हाताला कळत नाही, माझ्याही नाही आणि डॉक्टरच्या नुसत्या हातालाही पुरतं कळत नाही. त्यामुळं "दुखत नाही म्हणजे काही नाही" हे डोक्यातून काढा. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

गाठीशिवाय आणखीही खुणा असतात. कातडीला खळी पडणं, संत्र्याच्या सालीसारखी कातडी होणं, बोंड आत ओढलं जाणं, बोंडावरचा न बरा होणारा खरवडा, बोंडातून रक्त किंवा आपोआप पाणी येणं, काखेत अवधान, म्हणजे गाठ. यातलं एक जरी दिसलं तरी दाखवायचंच.

आता हळदीचं. आपण सांगलीचे, हळदीचा बाजार आपला, त्यामुळं दर दोन घरांत एक लेप सांगणारं माणूस असतं. माझ्या मावससासूबाईंनी मला आंबेहळदीचा लेप सांगितला आणि मी तीन आठवडे तो लावला. हळदीवर माझा राग नाही, रोज भाजीत घालते. पण त्या तीन आठवड्यांत गाठ जागची हलली नाही, फक्त माझे झंपर पिवळे झाले. लेप, शेक, चोळणं, जळवा, काही करू नका. गाठ दाबून दाबून रोज बघूही नका.

पाळी चालू असेल तर पाळी संपल्यावरच्या आठवड्यात जायला बरं, तेव्हा दुखरेपणा कमी असतो. मात्र त्याच्या नावाखाली महिना ढकलायचा नाही.

सोबत एक बाई न्या. नवरा आला तर चांगलंच, पण बाई हवी. माझ्याबरोबर माझी धाकटी जाऊ आली. ती सातवी शिकलेली, पण डॉक्टरांनी जे सांगितलं ते शब्दाला शब्द तिच्या ध्यानात राहिलं. माझ्या कानात नुसतं घोंगावत होतं.

काहीच लागलं नसेल आणि वय तिशीच्या पुढं असेल तर गावातल्या आशाताईंना विचारा. रक्तदाब, साखर, तोंड, स्तन, गर्भाशयाचं मुख यांच्या तपासणीसाठी त्या घरोघरी फॉर्म भरतात, आणि स्तनांची हातानं तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. बायका तिथं जायला लाजतात, "काय उगीच" म्हणतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला, तो २०२१ साली छापून आला. ज्यांची दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातानं तपासणी केली, त्यांच्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांत या आजारानं मरणाऱ्यांचं प्रमाण जवळपास तीस टक्क्यांनी कमी निघालं. मशीन नाही, काही नाही, शिकलेला हात.

कुठं जायचं

आपल्याकडं एक बरं आहे. मिरजेला १८९४ साली वॉनलेस डॉक्टरांनी मिशनचं हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून दवाखान्याला मिरज, ही सवय शंभर वर्षांची आहे. सरकारीत जायचं तर सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आणि मिरजेचं मेडिकल कॉलेज. ओपीडीत "सर्जरी" विभागाचा केसपेपर काढायचा. बऱ्याच जणी आधी बायकांच्या डॉक्टरकडे, म्हणजे डिलिव्हरीच्या डॉक्टरकडे जातात. चूक नाही, पण पुढं सर्जनकडेच पाठवतात. मिरजेत कॅन्सरची स्वतंत्र हॉस्पिटलंही आहेत. सातारा जिल्ह्यातल्या बहिणींना साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय किंवा कराडचं कृष्णा जवळ पडेल.

सकाळी लवकर निघा. वडापवाल्याला आणि एसटीला भरवसा नसतो, आणि केसपेपरची खिडकी आपल्यासाठी थांबत नाही. पुढून उघडणारा झंपर किंवा गाऊन घाला. पंजाबी ड्रेस घालून गेलात तर सगळाच वर करावा लागतो.

तपासणीची खोली

हे जरा सविस्तर सांगते, कारण इथंच बायका परत फिरतात.

मला पहिल्यांदा जिथं तपासलं, ते हॉस्पिटल कुठलं ते सांगत नाही, तिथं पडदा अर्धाच होता. आत पुरुष डॉक्टर आणि शिकणारी तीन पोरं. कुणी मला विचारलं नाही, माझ्याशी कुणी बोललंही नाही. "हात वर करा" एवढंच. मी छताच्या पंख्याकडे बघत पडून राहिले. बाहेर आल्यावर जावेला म्हटलं, मी परत येणार नाही. ती म्हणाली, "पंख्याकडंच बघायला या की परत. पर या."

तुम्हाला असं सोसायची गरज नाही. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर नर्सबाई किंवा सोबतची बाई आत हवी, हे मागून घ्या. पडदा पूर्ण ओढायला सांगा. शिकणारी मुलं असतील तर "एकच राहू द्या" किंवा "नको" म्हणता येतं. मी पुढच्या खेपेला म्हटलं, तेव्हा डॉक्टर बिचारे लगेच "हो हो" म्हणाले. त्यांना सुचलंच नव्हतं.

तपासताना आधी बसवून बघतात, हात कमरेवर, मग डोक्यावर. मग झोपवून बोटांच्या पेरांनी दोन्ही बाजू आणि काखा. पाचदहा मिनिटं. डॉक्टर विचारतील तेव्हा आई, मावशी, आजीबरोबर वडिलांकडच्या बायकांचंही सांगा. आत्याला झालेलं असलं तरी ते कामाचं असतं, आपण फक्त आईकडचं सांगून मोकळ्या होतो.

फोटो आणि सुई

चाळिशीच्या आतल्या बाईची बहुधा आधी सोनोग्राफी करतात, पुढच्या वयात मॅमोग्राफी, कधी दोन्ही. मॅमोग्राफीला जाताना काखेत पावडर, सेंट लावू नका, फोटोत ठिपके येतात. गळ्यातलं काढावं लागतं. मंगळसूत्र काढायला माझा हात थबकला, तेव्हा तिथल्या ताईंनी ते माझ्याच रुमालात बांधून माझ्याच मुठीत दिलं. असली माणसंही भेटतात. मशीनच्या दोन पाट्यांत एकेक बाजू दाबतात, आडवी आणि तिरकी, असे चार फोटो. दाबल्यावर दुखतं, खोटं कशाला सांगू, पण दर खेपेला काही सेकंदच. रिपोर्टमध्ये "बायरॅड्स" म्हणून एक आकडा असतो. चार किंवा पाच आला म्हणजे सुई लावून तुकडा तपासायचा. शून्य म्हणजे एवढ्यावरून सांगता येत नाही, अजून एक तपासणी करा. शून्य वाचून "काही नाही" समजून एक बाई घरी बसली होती.

सुईबद्दल गावात एक समजूत पक्की आहे, सुई लावली की आजार पसरतो. नाही पसरत. उलट तुकडा काढल्याशिवाय औषध ठरत नाही. जागा बधिर करतात, मग जाड सुईनं दोनचार बारीक दोरे काढतात. खटका उडाल्यासारखा आवाज होतो, दचकायला होतं. घरी जाऊन दिवसभर जड उचलू नका, एवढंच.

तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर आणखी तीन गोष्टी बघतात, ईआर, पीआर आणि हर-टू. हॉर्मोनची गोळी लागू पडेल का, वेगळं इंजेक्शन लागेल का, हे त्यावर ठरतं. याला आणखी काही दिवस जातात. "रिपोर्ट आला" म्हटल्यावर हे तीन आले का, तेही विचारा.

रिपोर्ट कुणाच्या हातात

माझा रिपोर्ट माझ्या नवऱ्याला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितला. मला नाही. ते परत आले आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ." सांगलीच्या स्टँडवर ते पाण्याची बाटली आणायला गेले तेव्हा मी पिशवीतली फाईल काढली. "कार्सिनोमा", म्हणजे कॅन्सर, हा शब्द मला वाचता आला. त्यांनी बाटली आणली, मी फाईल मिटली, आणि तासगाव येईपर्यंत आम्ही दोघं बाहेरचा ऊस बघत बसलो. दोघांना माहीत, दोघं गप्प.

तुम्ही पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगून ठेवा, "जे असेल ते माझ्यासमोर सांगा." आणि घरी चार प्रश्न वहीत लिहून न्या. आजार कितव्या टप्प्याला आहे? आधी ऑपरेशन की आधी केमो, म्हणजे कॅन्सरवरची सलाईनमधली औषधं? सगळं काढावं लागेल की गाठ काढून स्तन वाचतो? एकूण किती महिने यावं लागेल? तिसरा प्रश्न विचारायला बायका लाजतात, "या वयात काय करायचंय वाचवून" म्हणतात. वय कितीही असो, विचारा. लवकर आलेल्या बऱ्याच जणींत गाठीपुरतं ऑपरेशन आणि नंतर लाईट, म्हणजे रेडिएशन, याचा गुण सगळं काढण्याइतकाच येतो. मूल हवं असेल तर तेही केमोच्या आधीच बोला, नंतर नाही.

कागद आणि पैसे

एक जाड फाईल घ्या, तारखेनं कागद लावा, मूळ कागद कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन बसतं. माझ्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, आता पाच लाख आहे आणि कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती व्हायच्या आधी तिथं जायचं, पैसे भरल्यावर नाही. रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट लागतात. रेशनकार्डावर तुमचं नाव आणि आधारावरचं नाव जुळतंय का ते आजच बघा. माझं कार्डावर माहेरचं नाव होतं, त्या एका नावानं नऊ दिवस खाल्ले. मंजुरीआधीच्या कुठल्या तपासण्या योजनेत येतात ते आरोग्यमित्राकडून स्पष्ट करून घ्या. अडलं तर १५५३८८ या नंबरावर फोन लावा, तो फुकट आहे.

मुंबईला टाटाला जायचं का, असं सगळ्या विचारतात. माझं मत, नेहमीचे उपचार मिरजेत होत असतील तर घराजवळच करावेत. एकवीस दिवसांनी केमो, मग तीन ते पाच आठवडे रोज लाईट, एवढा काळ मुंबईत काढणं शेतकऱ्याच्या घराला झेपत नाही, आणि अर्धवट सोडलेला उपचार सगळ्यात वाईट. दुसरं मत घ्यायला मात्र जरूर जा. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, ज्यांवर तुकडा तपासला त्या काचा आणि तुकडा ठेवलेला मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून न्या, तो तुमचाच आहे. नाहीतर तिथं परत सुई. उपचाराला जाताना रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला पाऊण सवलत. हॉस्पिटलकडून ठरलेला फॉर्म भरून घेऊन स्टेशनच्या खिडकीवर द्यायचा. रात्रीची महालक्ष्मी सोयीची. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे, पण आधी चौकशी करून जा, गर्दी असते.

ऑपरेशन, आणि सासूबाईंची चंची

ऑपरेशननंतर काखेखालून एक नळी बाहेर ठेवतात, तिला प्लॅस्टिकचा चेंडू असतो. त्यात लालसर पाणी साठतं. घरी सोडतात तेव्हा ही नळी बऱ्याचदा आठवडा-दोन आठवडे अंगावरच असते. रोज ठरल्या वेळी पाणी मापात ओतायचं, किती मिली ते वहीत लिहायचं, चेंडू दाबून परत लावायचा. दिवसाचं पाणी साधारण तीस मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. मला हे कुणी दाखवलं नाही. जावेनं नर्सबाईंना गाठून दोनदा करून घेतलं, तुम्हीही तसंच करा, "कळलं" म्हणू नका, "करून दाखवते, बघा" म्हणा.

चेंडू ठेवायचा कुठं, हा खरा प्रश्न. लोंबकळला की टाके ओढतात. सासूबाईंनी दोन दिवस माझी धडपड बघितली, तिसऱ्या दिवशी आपली पानाची चंची रिकामी केली, धुऊन उन्हात वाळवली आणि माझ्या कमरेला बांधली. चेंडू तिच्या मधल्या कप्प्यात चपखल बसला. बारा दिवस मी तंबाखूचा बारीक वास येणारी चंची बांधून हिंडले. त्या बाईनं तोंडानं माझ्या आजाराबद्दल एक शब्द काढला नव्हता. चंची नसेल तर जुन्या साडीची, नाडी ओढायची पिशवी शिवा, दोन शिवा, एक धुवायला.

हाताचा व्यायाम डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सुरू करा. भिंतीकडे तोंड करून बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची, पोचतील तिथं खूण करायची. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं रेघा मारल्या. पहिली रेघ फडताळाच्या कडीपाशी, महिन्यानं वरच्या फळीच्या वर. व्यायाम टाळला तर खांदा धरतो, मग वेणी घालता येत नाही, माळ्यावरचा डबा निघत नाही.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला पुढं सूज येऊ शकते. त्या हातात सुई, सलाईन, रक्तदाबाचा पट्टा शक्यतो नको, हे दर ठिकाणी आपणच सांगायचं. बागेत छाटणीला, हळद काढायला, भांगलायला जाताना हातमोजे घाला. चुलीचा चटका, काटा, कात्रीचा कट लागला तर धुऊन औषध लावा आणि लाल झालं की दाखवा. भरलेली घागर त्या बाजूला घेऊ नका. हात जड वाटला, बांगड्या घट्ट झाल्या तर वाट बघू नका, लवकर दाखवलं तर पट्टी आणि मालिशनं आटोक्यात राहतं.

केमो

यावर फार लिहीत नाही, औषधागणिक वेगळं असतं. दोन गोष्टी मात्र सगळ्यांसाठी. घरात थर्मामीटर हवा, आणि ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, गावच्या डॉक्टरकडून गोळी घेऊन झोपायचं नाही. आणि बऱ्याच औषधांत पहिल्या डोसनंतर दोनतीन आठवड्यांत केस जातात. आधीच बारीक कापून घ्या. मी घेतले नाहीत, आणि उशीवर, ताटात, नातीच्या मुठीत केस बघत बसले. पुढं येतात ते. माझे कुरळे आले.

अंडी, डाळी, दूध, ताजं शिजवलेलं, सगळं चालतं. "हे वातूळ, ते करपट" म्हणत बाईला नुसत्या पेजेवर ठेवू नका.

झंपर आणि माणसं

सगळं काढल्यावर झंपर एका बाजूनं पडतो. सिलिकॉनचा पॅड मिळतो, महाग असतो. मी सुरुवातीला मऊ सुती पिशवीत कापूस भरला, तो हलका म्हणून वर सरकायचा. मग आमच्या शिंपीणबाईंनी तळाशी मूठभर मोहरी घालून, वरून कापूस भरून शिवला आणि झंपराला आतून खिसा लावला. वजन बरोबर बसलं. जखम पुरती भरल्याशिवाय मात्र हे वापरू नका. त्यांनी माप घेताना दार लावलं, पोराला बाहेर पाठवलं आणि पैसे फक्त शिलाईचे घेतले. नंतर माझ्याकडून दोन बायका त्यांच्याकडे गेल्या.

हळदीकुंकवाला बोलावणं बंद होतं, शेजारीण आपला पेला वेगळा ठेवते, असं होतं अजून. हा आजार शिवून लागत नाही, हे तोंडावर सांगायला मला वर्ष लागलं. सगळ्यात उपयोगी पडली ती केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची जतची बाई. ती माझ्यापुढं दोन डोस होती, त्यामुळं मला काय होणार ते तिला आधी माहीत असायचं. अशी एक बाई गाठा आणि फोन नंबर घ्या.

उपचार संपले तरी मिरज सुटत नाही. पहिली तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, पुढं लांबत जाते, आणि दर वर्षी मॅमोग्राफी. हॉर्मोनची गोळी चालू असेल तर ती पाच वर्षं किंवा जास्तही असते, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. माझी वर्षाची तारीख मुद्दाम सप्टेंबरातली मागून घेतली आहे, फळछाटणीच्या आधीची.